क्रीडामंडळाचा मूळ उद्देश

धर्मग्रामाच्या आश्रयाने जन्मलेल्या एका क्रीडामंडळाची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. स्कॉटलंडातील ग्लासगो शहराच्या पूर्व भागात आयरिश कॅथलिक मजुरांची मुले अर्धपोटी राहत. त्यांच्या भोजनासाठी द्रव्य मिळावे म्हणून मारिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड यांच्या पुढाकाराने ता. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात सेल्टिक फुटबॉल क्लब स्थापन झाला. मैदान स्वयंसेवकांनी स्वतःच्या श्रमाने तयार केले, ता. २८ मे १८८८ रोजी पहिल्याच सामन्यात रेंजर्स संघावर ५-२ असा जय मिळाला.

पुढे १८९२ साली ब्रदरांची लंडनला बदली झाली आणि १८९७ साली क्लबाची मर्यादित कंपनी बनली. नफ्यावर भागधारकांचा हक्क आला व भुकेल्या मुलांचे ताट मागे पडले. १९९५ साली क्लबाने पुनः धर्मादाय निधी उभारला, हे येथे नमूद करणे न्याय्य होय.

मंडळाच्या घटनेत उद्देश पहिल्या कलमात लिहिणे सोपे. प्रतिवर्षी जमाखर्च मांडताना तो स्मरणे कठीण. आमच्या तरुण मंडळींनी चेंडूबरोबर तेवढे सांभाळावे, एवढीच विनंती.