मुदत संपली, यंत्र चालूच

८ एप्रिल २०१४ हा मंगळवार होता. आपल्याकडे मंगळवार म्हटला की अंगारकी आठवते. संगणक सांभाळणाऱ्यांच्या जगात मात्र महिन्याचा दुसरा मंगळवार वेगळ्याच कारणाने पाळला जातो. २००३ सालापासून मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या सॉफ्टवेअरमधल्या चुकांवर उतारा म्हणून दुरुस्त्या पाठवते. संगणकवाले त्यांना पॅच म्हणतात, आपण ठिगळ म्हणू. त्या मंगळवारी विंडोज एक्सपी या ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीला, शेवटचे नियमित ठिगळ मिळाले. यापुढे एक्सपीत काही दोष सापडला तरी तो दुरुस्त होणार नाही, असे कंपनीने आधीच जाहीर केले होते.

दुसऱ्या दिवशी काय झाले? काहीच नाही. बुधवारी सकाळी बटण दाबल्यावर तीच हिरवी टेकडी आणि तेच निळे आकाश पडद्यावर आले. ते छायाचित्र चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात काढलेले. जगात सर्वांत जास्त माणसांनी पाहिलेल्या छायाचित्रांत त्याची गणना होते. बिले छापली गेली, तिकिटे निघाली, पत्रिका जुळल्या. त्या महिन्यात जगातल्या चतुर्थांशाहून अधिक संगणकांवर एक्सपीच चालू होती. औषधाची मुदत संपली की ते फेकून द्यावे हे आपल्याला कळते. दुधाची संपली तर नाकालाच कळते. संगणकाच्या कार्यप्रणालीची मुदत संपली तर ना वास येतो, ना चव बिघडते. धोका वाढतो, पण तो दिसत नाही.

हा धोका नेमका कसा वाढतो, ते थोडे समजून घेऊ. कार्यप्रणाली म्हणजे कोट्यवधी ओळींची आज्ञावली. इतक्या ओळींत चुका राहणारच, आणि त्या वर्षानुवर्षे सापडत राहतात. त्यातल्या काही चुका म्हणजे घराची न लागलेली कडी. कोणीतरी ती शोधतो, कंपनी ती लावते. एक्सपीनंतर आलेल्या विंडोज ७ मध्ये एक्सपीचाच बराचसा जुना भाग तसाच होता. त्यामुळे विंडोज ७ ला एखादे ठिगळ लागले की चोराला नवाच पत्ता मिळे. इथे ठिगळ लावले, म्हणजे जुन्या कापडाला त्याच जागी भोक असणार, आणि ते भोक आता कोणी शिवणार नाही.

मग एवढे माहीत असून लोक एक्सपीला का चिकटून राहिले? ‘आळस’ हे उत्तर सोपे आहे आणि काही अंशी खरेही आहे. पण इतिहास पाहिला तर चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी एक्सपी बाजारात आली. त्याआधी घरोघरी विंडोज ९५ आणि ९८ होत्या. पत्र अर्धे टाइप झाले की पडदा निळा व्हायचा आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून, हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांना एक्सपी म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. कार्यालयांसाठी बनवलेल्या विंडोज एनटीचा भक्कम पाया तिने घरच्या संगणकाला दिला. ती बंद पडत नसे, हीच तिची मोठी कमाई. सुरक्षेच्या बाबतीत मात्र ती सुरुवातीला भाबडीच होती. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला, आणि मग पुढच्या वर्षी कंपनीने तिला जवळजवळ नवे चिलखत चढवले.

पुढची आवृत्ती व्हिस्टा, ती २००७ च्या जानेवारीत आली. तिला इतकी स्मृती लागे की त्या काळचे साधे संगणक धापा टाकू लागले. नवा संगणक घ्यायचा आणि त्यावर जुनी एक्सपी टाकून मागायची, असा उलटा प्रवास सुरू झाला. त्याच सुमाराला स्वस्तातले छोटे लॅपटॉप, ज्यांना नेटबुक म्हणत, ते बाजारात आले. त्यांना व्हिस्टा पेलणे शक्यच नव्हते. म्हणून कंपनीने त्यांच्यासाठी एक्सपी विकणे ऑक्टोबर २०१० पर्यंत चालू ठेवले. म्हणजे त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ज्याने कोरे करकरीत नेटबुक घरी आणले, त्याच्या वाट्याला आधाराची साडेतीन वर्षे आली. कंपनी म्हणते, आम्ही एक्सपीला साडेबारा वर्षे सांभाळले, आणि ते खरेच आहे. पण हा हिशोब विकणाऱ्याच्या पहिल्या दिवसापासूनचा झाला. घेणाऱ्याचा पहिला दिवस त्यात कुठेच मोजलेला नाही.

आता आपल्या मराठीकडे येऊ. कारण जुन्याला चिकटून राहण्याचे जे कारण आपल्याकडे होते, ते लंडन-न्यूयॉर्कला नव्हते.

संगणकावर देवनागरी लिहिण्याची पहिली व्यवहारी युक्ती म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवायचा. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण संगणकाच्या लेखी ते कुठले तरी रोमन अक्षर असायचे. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर रोमन अक्षरांची भेळ. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला तर ती भेळही वेगळ्या चवीची. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून आली. त्यासाठीचा ‘मंगल’ हा फॉन्ट रेखाटला तो आपल्या आर. के. जोशींनी. सुलेखनकार, कवी आणि पवईच्या आयआयटीतले शिक्षक असलेले हे जोशी २००८ साली गेले. मराठी माणसाने घडवलेली अक्षरे जगभरच्या विंडोजमध्ये गेली, याची आपण म्हणावी तशी दखल घेतली नाही, असे मला वाटते. एक्सपीतही मंगल होता. पण देवनागरी नीट उमटायला सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी आत घालावी लागे. ती सीडी बहुतेकांकडे नसे. का नसे, ते आपण सगळे जाणतो.

आणि छापखान्यांचे काय? पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, तालुक्याची साप्ताहिके हे सारे पेजमेकर नावाच्या सॉफ्टवेअरवर जुळवले जाई. अडोबी कंपनीने त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली काढली आणि मग इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरकडे मोर्चा वळवला. त्या इनडिझाइनमध्ये मराठीची जोडाक्षरे आणि वेलांट्या जागेवर बसवण्याची अधिकृत सोय यायला २०१२ साल उजाडले. मधली अकरा वर्षे मराठी अक्षरजुळणी करणाऱ्याने काय करावे? त्याने पेजमेकर धरले, जुना फॉन्ट धरला, त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला कुलपासारखे लागणारे डाँगल धरले, ते डाँगल ज्या खाचेत बसे त्या खाचेचा संगणक धरला, आणि हे सगळे ज्यावर चालते ती एक्सपी धरली. यातले एक सोडायचे तर पाचही सोडावी लागत. शिवाय दहा वर्षांत जुळवलेली पुस्तके त्याच फॉन्टमध्ये अडकलेली. अशा माणसाला ‘अहो, नवीन विंडोज टाका’ हा सल्ला म्हणजे ‘अहो, घर बदला’ म्हणण्यासारखाच.

हीच गाठ मोठ्या यंत्रांतही बसलेली होती. रुग्णालयातले एमआरआय यंत्र, कारखान्यातले संगणकावर चालणारे लेथ, बँकेचे एटीएम या सगळ्यांच्या पोटात एक साधा संगणक असतो. यंत्राचे आयुष्य पंधरा वर्षे, पोटातल्या संगणकाच्या कार्यप्रणालीचे दहा. खरेदीच्या वेळी ही तफावत कोणी विचारली नाही आणि विकणाऱ्याने सांगितली नाही. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर नोव्हेंबर २०१५ मध्ये धुक्याच्या दिवशी वैमानिकांना हवामानाची माहिती पुरवणारी यंत्रणा बंद पडली आणि विमाने खोळंबली. ती यंत्रणा विंडोज ३.१ वर चालत होती, म्हणजे १९९२ सालच्या विंडोजवर! तिथे कोणी चोर आला नव्हता, यंत्र नुसते थकले होते.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी मुदत विकत घेतली. ब्रिटिश सरकारने २०१४ साली एका वर्षाच्या जादा आधारासाठी ५५ लाख पौंड मोजले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या नौदलाने ९१ लाख डॉलरचा करार केला. म्हणजे ठिगळे तयार होत होती, फक्त ती पैसे भरणाऱ्यालाच मिळत. ही गोष्ट मला आजही खटकते. कंपनीचे म्हणणे असे की, जुने सांभाळायला माणसे लागतात आणि माणसांना पगार. तेही नाकारता येत नाही.

मग आला १२ मे २०१७, शुक्रवार. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू काही दिवसांत दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला. फायली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागायचे. ज्या भोकातून तो शिरला ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीपासून ठाऊक होते. तिने ते स्वतःच्या हेरगिरीसाठी राखून ठेवले होते, आणि तिचे ते हत्यार चोरीला जाऊन एप्रिलमध्ये जगजाहीर झाले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला सर्वांत मोठा फटका बसला. इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-संस्थांचे काम विस्कळित झाले, आणि रुग्णांच्या अंदाजे १९,००० ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. कोणाची शस्त्रक्रिया, कोणाची कर्करोगाची तपासणी. मायक्रोसॉफ्टने तातडीने, तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही ठिगळ काढले, तेही फुकट.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी निकाल लावून टाकला की जुन्या एक्सपीने घात केला. आजही पुष्कळ जण तसेच सांगतात. प्रत्यक्षात पुढच्या तपासात निघाले ते वेगळेच. बळी पडलेले बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते, म्हणजे ज्यांचा आधार चालू होता असे. त्यांच्यासाठी ठिगळ १४ मार्चलाच, दोन महिने आधी, आले होते. ते कोणी लावलेच नव्हते. एक्सपीवर तर हा विषाणू धड चालतही नसे. पुष्कळदा तो पसरण्याआधीच संगणक निळा पडदा दाखवून बसकण मारी!

यातून एक्सपी सुरक्षित होती असे कोणी समजू नये. पण मुदतीची तारीख हाच सगळा प्रश्न नव्हता, हे यातून दिसते. ज्या अक्षरजुळणीवाल्याला आपली एक्सपी जुनी आहे हे ठाऊक होते, त्याने इंटरनेटची तार काढून ठेवली असेल, तर वॉनाक्राय त्याच्या दारापर्यंतही पोहोचला नसता. पेनड्राइव्हची भीती उरतेच. इराणच्या अणुप्रकल्पातली यंत्रे बाहेरच्या जाळ्याला जोडलेली नव्हती, तरी २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट तिथे पोहोचलाच होता. तरीही जुने म्हणून जपलेले यंत्र आणि नवे म्हणून विसरलेले यंत्र यांत मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटते. लंडनच्या रुग्णालयात ठिगळ लावायचे कोणी, संगणक विभागाने की यंत्र विकणाऱ्याने, हेच कित्येक ठिकाणी ठरलेले नव्हते. यंत्र बंद ठेवून ठिगळ लावायचे म्हटले, तर त्या तासाचे रुग्ण कुठे पाठवायचे?

आपल्याकडे एटीएमच्या बाबतीत हे कोणीतरी ठरवणे भाग होते. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकात बँकांना टप्पे आखून दिले. आधार संपलेल्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या एटीएमपैकी निदान पाव भाग सप्टेंबर २०१८ पर्यंत, निम्मी डिसेंबरपर्यंत, पाऊण भाग मार्च २०१९ पर्यंत आणि सगळी जूनपर्यंत बदलायची. म्हणजे एक्सपीचा आधार गेल्यानंतर तब्बल पाच वर्षांनी. उशीर झालाच, पण काम कोणाचे आणि कधीपर्यंत, हे कागदावर आले.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. १४ ऑक्टोबर २०२५ ला, पुन्हा एका मंगळवारीच, विंडोज १० ची पाळी आली. या वेळी गाठ निराळी होती. विंडोज ११ ला संगणकात सुरक्षेची एक ठरावीक चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे असंख्य संगणक केवळ या अटीपायी मागे राहिले. घरगुती ग्राहकांना कंपनीने एका वर्षाची जादा ठिगळे देऊ केली. त्यासाठी तीस डॉलर भरायचे, किंवा आपल्या सेटिंग कंपनीच्या खात्यात साठवायच्या. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी यावर हरकत घेतली, तेव्हा तिथल्या ग्राहकांसाठी पैसे आणि साठवण या दोन्ही अटी कंपनीने मागे घेतल्या. आपल्याकडच्या ग्राहकाला मात्र मूळ अटीच लागू राहिल्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)