भांगरे, बांबळे आणि सरकारी बंदूक

घोटीहून भंडारदऱ्याकडे रविवारी गाड्यांची रांग लागते. त्याच डोंगरांत भावकीच्या जोरावर बंडं उभी राहिली, हे त्या गाड्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

१८१८ ला पेशवाई बुडाली. गडांवरच्या शिबंद्या मोडल्या, महादेव कोळी नाइकांची राखणीची उत्पन्नं आटली. सरकार लांब, सावकार दारात. माणूस जाणार कुणाकडे? भावकीकडेच. १९९१ ला सोमालियात राजवट कोसळली तेव्हाही लोक आपापल्या कुळाच्या बंदूकवाल्यांमागेच गेले. इकडे रामजी भांगरे उठले, पुढे त्यांचा मुलगा राघोजी. सावकारांची नाकं-कानं कापली गेली. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात राघोजींना फाशी झाली.

इथवरचं आपण जयंतीला माइकवर सांगतो. पुढचं गाळतो. १८५७ ला भिल्ल उठले, तेव्हा कॅप्टन नटॉलच्या हाताखाली सरकारने याच कोळ्यांची पलटण उभारली. तिचे म्होरके बांबळे कुळाचे जावजी नाईक. नाईक फिरवला की त्याची माणसं आपोआप मागे येतात, हे साहेबाला नऊ वर्षांत पक्कं कळलं होतं. (आजचे उमेदवारही तेच करतात, असो.)

१८६१ ला गरज संपली. पलटण मोडली, पोरं परत डोंगरात.