परदेशातली नोकरी आणि पीआर: निघण्याआधी कुटुंबाने काय समजून घ्यावे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की दाखला न्यायला आलेले पालक आम्हाला हमखास विचारतात, "सर, पोराला बाहेर पाठवायचंय. पीआर लवकर कुठे मिळतो?" कोंढवा असो, कॅम्प असो की मोमिनपुरा, प्रश्न एकच असतो. अडचण अशी की दुबई, जर्मनी आणि कॅनडा या तिन्हींसाठी आपण 'बाहेर' हा एकच शब्द वापरतो. प्रत्यक्षात या तीन वेगळ्या वाटा आहेत. चुकीची वाट निवडली तर आईचे दागिने जातात आणि पोराची पंचविशीही निघून जाते.

पीआर म्हणजे काय?

पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. तो मिळाला की मालक बदलता येतो, आणि नोकरी सुटली म्हणून लगेच देश सोडावा लागत नाही. पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारतीय पासपोर्ट तसाच राहतो. मात्र परक्या देशाचे नागरिकत्व घेतले तर भारताचे सोडावे लागते, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही.

पीआर टिकवावाही लागतो. कॅनडात पाच वर्षांत किमान ७३० दिवस राहावे लागते. जर्मनीचा परवाना सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिल्यास साधारणपणे रद्द होतो.

आखात: कमाई आहे, पीआर नाही

आपल्या ओळखीतले बहुतेक लोक सौदी, दुबई, कतार किंवा कुवेतला गेलेले. या कमाईवर घरे उभी राहिली, बहिणींचे निकाह झाले, भावंडांची तालीम झाली. तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण तिथला इकामा नोकरीला बांधलेला असतो. वीस वर्षे काम केले तरी साध्या कामगाराला त्या वर्षांच्या जोरावर पीआर मिळत नाही. नोकरी संपली की परतायचे.

सौदीने २०१९ मध्ये प्रीमियम रेसिडेन्सी सुरू केली, तेव्हा कायमच्या परवान्याचे शुल्क ८ लाख रियाल ठेवले. अमिरातीचा गोल्डन व्हिसा गुंतवणूकदार, डॉक्टर, संशोधक आणि मोठ्या पगाराच्या व्यावसायिकांसाठी आहे. वेल्डर, ड्रायव्हर किंवा सेल्समनला "गोल्डन व्हिसा करून देतो" असे कुणी सांगत असेल तर तिथेच थांबा.

आखातात जायचे तर कमवायला आणि परत यायला जा. बचत इकडे वाढेल, असा हिशेब पहिल्या पगारापासून ठेवा.

जर्मनी: आपल्या मुलांसाठी नवी वाट

महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यांची भागीदारी २०१५ पासून आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही राज्यांत कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार झाला. सुरुवातीला दहा हजार जणांना पाठवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, ड्रायव्हर, कुक अशी कामे त्यात आहेत, आणि जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचे काम पुण्याच्या एससीईआरटीकडे आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या वार्षिक व्हिसांची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले.

मात्र नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे, आणि भाषेचा वर्ग म्हणजे व्हिसा नव्हे. प्रत्यक्ष वाटा साधारण अशा आहेत:

• आउसबिल्डुंग: बारावी झालेल्या मुलांसाठी. साधारण तीन वर्षे कंपनीत काम आणि व्यवसाय शाळेत शिक्षण, सोबत दरमहा विद्यावेतन. बी१ पातळीपर्यंत जर्मन लागते. हे प्रशिक्षण पूर्ण करून दोन वर्षे कुशल काम केले की पीआरसाठी अर्ज करता येतो.

• नर्सिंग: पदवी किंवा डिप्लोमाला तिथली मान्यता घ्यावी लागते. त्यासाठी साधारण बी२ पातळीचे जर्मन, आणि अभ्यासक्रमात फरक आढळल्यास पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा.

• आयटीआय आणि अनुभव: किमान दोन वर्षांचा सरकारमान्य कोर्स, दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक पगाराची नोकरी हातात असेल, तर अनेक कामांसाठी जर्मन मान्यतेशिवायही व्हिसा मिळू शकतो. इथे लक्ष द्या: आयटीआयचे इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे. दहावीनंतर ट्रेड निवडतानाच हा फरक घरात माहीत हवा.

• ब्लू कार्ड: पदवीधर, इंजिनिअर, आयटीवाल्यांसाठी. बी१ जर्मन असल्यास २१ महिन्यांत, फक्त ए१ असल्यास २७ महिन्यांत पीआरचा अर्ज करता येतो.

इतर कुशल कामगारांना मार्च २०२४ पासून चारऐवजी तीन वर्षांनी अर्ज करता येतो. त्यासाठी ३६ महिने पेन्शनचे हप्ते, बी१ जर्मन, स्वतःचे उत्पन्न, कुटुंबाला पुरेल इतके घर आणि तिथल्या कायदा-समाजाची प्राथमिक माहिती लागते. नोकरी रोखीची आणि कागदावर नसलेली असेल तर पेन्शनचे हप्ते भरले जात नाहीत, आणि ती वर्षे पीआरच्या हिशेबात वाया जातात.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन

कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री २०१५ पासून गुणांवर चालते. वय, शिक्षण, अनुभव आणि भाषा यांचे गुण मिळतात. वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ वर्षांना. ४५ नंतर शून्य. २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे जादा गुण कॅनडाने काढून टाकले. त्यामुळे "ऑफर लेटर विकत घ्या, गुण वाढतील" ही जाहिरात आता उघड फसवणूक आहे.

ऑस्ट्रेलियात गुणांवरच्या व्हिसासाठी वय ४५ च्या आत, किमान ६५ गुण आणि हुनराची अधिकृत तपासणी लागते. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्या केअर वर्कर्सची भरती बंद केली आणि कुशल व्हिसाची पात्रताही वाढवली. आजही कुणी 'केअर व्हिसा' विकत असेल तर पैसे देऊ नका.

तयारी शाळेच्या दाखल्यापासून

आमच्या अनुभवात सर्वात जास्त अडते ते नावात. दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मोहंमद', पासपोर्टवर नुसते 'एमडी'. कुठे शेख आधी, कुठे शेवटी. उर्दू शाळेच्या रजिस्टरमधले नाव इंग्रजीत लिहिताना स्पेलिंग बदलते. परदेशी अधिकाऱ्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसे ठरू शकतात. दहावीचा फॉर्म भरतानाच स्पेलिंग एक करून घ्या. उशीर झाला असेल तर शासन राजपत्रात नावाची नोंद करा.

निकाहनामा असला तरी पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विवाह नोंदणी करून घ्या. पत्नीला नंतर बोलावताना हेच प्रमाणपत्र मागतात. कागदांना अपोस्टिल लावून घ्यायला कुणी पैसे मागितले तर आधी देश विचारा; जर्मनी भारतीय अपोस्टिल मान्य करत नाही, तिथली पडताळणीची पद्धत वेगळी आहे.

एजंटला पैसे देण्याआधी

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे केंद्र सरकारचा परवाना हवा. तो ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या तपासता येतो. असा एजंट उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेऊ शकतो. दहावी न झालेल्यांना आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. व्हिजिट व्हिसावर पाठवून तो टाळणारा एजंट पोराला संरक्षणाशिवाय पाठवतो. कॅनडाच्या सल्लागाराचा आरसीआयसी क्रमांक आणि ऑस्ट्रेलियाच्या सल्लागाराचा नोंदणी क्रमांकही इंटरनेटवर तपासता येतो.

आणि पीआर विकत मिळत नाही. कोणताही एजंट तो हमखास देऊ शकत नाही, कारण निर्णय त्या देशाच्या सरकारचा असतो.

घरात बसून चार प्रश्न

व्याजाने कर्ज काढण्याआधी किंवा दागिने मोडण्याआधी अम्मी, अब्बा आणि मुलगा-मुलगी यांनी एकत्र बसून कागदावर उत्तरे लिहावीत. कमवून परत यायचे की तिथेच राहायचे? राहायचे असेल तर हुनर कोणता, आणि त्या देशात तो चालतो का? भाषेसाठी एक-दीड वर्ष द्यायची तयारी आहे का? आणि व्हिसा नाकारला गेला तर इथे पुण्यात हाती काय उरेल?

आयटीआय, नर्सिंग आणि भाषा यांवर घातलेला पैसा व्हिसा नाकारला तरी कामी येतो. चाकणच्या कारखान्यातही फिटर लागतो आणि पुण्याच्या हॉस्पिटलातही नर्स लागते. एजंटच्या हातात रोख ठेवलेले पैसे मात्र क्वचितच परत येतात.