प्रकल्पाचा अडलेला धागा

प्रकल्प व्यवस्थापन शिकवताना सुरुवात बहुधा कामांची यादी करण्यापासून होते. माझ्या मते ती कामांच्या परस्परावलंबनापासून व्हायला हवी. कोणते काम कशासाठी अडून बसते हे उमगल्याखेरीज वेळापत्रक म्हणजे नुसत्या तारखा.

१९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत आकाराला आली. तिचे गणित साधे आहे. समजा, रेल्वेच्या एका टप्प्यावर भूसंपादनाला ४ महिने लागतात. त्यानंतर बोगदा (२० महिने) आणि पूल (१२ महिने) एकाच वेळी सुरू होतात. दोन्ही झाल्यावर रूळ टाकायला ३ महिने. सर्वांत लांब साखळी बोगद्याची, म्हणून एकूण काळ २७ महिने. पुलाला ८ महिन्यांची सवड आहे. यालाच ‘फ्लोट’ म्हणतात. पूल ५ महिने रखडला तरी गाडी वेळेवर धावेल, बोगदा ५ दिवस रखडला तर गाडीही ५ दिवस उशिरा. पुलावर जादा मजूर लावणे म्हणजे पैसा वाया घालवणे. मात्र पूल ९ महिने रखडला, तर निर्णायक साखळी त्याची होते. म्हणून हे गणित काम चालू असताना पुन्हा पुन्हा मांडावे लागते.

कोकण रेल्वेत हे प्रत्यक्ष दिसते. महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले, अध्यक्ष ई. श्रीधरन, उद्दिष्ट पाच वर्षांचे. रोहा ते मंगळुरूजवळचे ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर. नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. सगळे एकामागून एक करायचे तर पिढी गेली असती, म्हणून मार्गाचे विभाग पाडून सर्वत्र एकदम काम सुरू झाले. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा सर्वांत लांब, पण तो कातळातला. अखेरपर्यंत अडवले ते गोव्यातल्या पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्याने. तिथली माती मऊ आणि पाण्याने भिजलेली. खोदलेले पुन्हा ढासळे, माणसे दगावली. संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये खुला झाला.

काम किती मोठे यापेक्षा ते किती अनिश्चित, हे आधी विचारले पाहिजे. पोलारिस क्षेपणास्त्रांसाठी अमेरिकी नौदलाने वापरलेली ‘पर्ट’ पद्धत नेमके हेच विचारते. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे: सर्वांत अनुकूल, सर्वांत संभाव्य, सर्वांत प्रतिकूल. संभाव्य अंदाजाची चौपट करून त्यात उरलेले दोन मिळवायचे आणि बेरजेला ६ ने भागायचे. कातळासाठी १८, २०, २२ महिने धरले तर सरासरी २० येते. मऊ मातीसाठी १६, २०, ६० धरले तर २६. अंदाज देणाऱ्या दोघांनीही ‘बहुधा २०’ असेच सांगितले होते, हे लक्षात घ्या! सरासरीपेक्षाही बोलका आहे तो टोकांमधला फरक: एकीकडे ४ महिने, दुसरीकडे ४४. तो फरक कमी करण्यासाठी खोदाईपूर्वी भूगर्भाची तपासणी करण्यावर होणारा खर्च मी सर्वांत सार्थ मानतो.

आणखी एक गोष्ट नवशिके हमखास गाळतात. गोव्यात मार्ग कुठून न्यावा यावरून तीव्र विरोध झाला, चौकशी आयोग नेमला गेला, काम थांबले. लोकांची संमती मिळवण्याचा कंत्राटदार नसतो, त्यामुळे ती यादीत येतच नाही. पण कामांच्या साखळीत तिची जागा भूसंपादनाच्याही आधी आहे आणि तिलाही तीन अंदाज लावावे लागतात.