संसार आणि स्टुडिओ



१९ जानेवारी १९५३ ची ही गोष्ट. दुसऱ्या दिवशीं वॉशिंग्टन येथें जनरल आयसेनहॉवर हे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेणार होते. परंतु त्या रात्रीं सुमारें ४ कोटि ४० लाख अमेरिकन माणसें टेलिव्हिजनपुढें बसलीं होतीं तीं एका कल्पित जोडप्याच्या घरीं पाळणा कसा हलतो हें पाहण्यासाठीं. दुसऱ्या दिवशींचा शपथविधि पाहणारांची संख्या याहून पुष्कळच कमी भरली. आणि योग असा कीं, खेळांत आई होणाऱ्या त्या नटीला त्याच दिवशीं खरोखरच मुलगा झाला. खेळाचें नांव होतें 'आय लव्ह लूसी', नटी लूसील बॉल; आणि खेळांत तिचा नवरा झालेला डेसी आर्नाझ हा प्रत्यक्षांतही तिचा नवराच होता. आपल्या दोन नांवांची गांठ मारून या दोघांनीं 'डेसिलू' नांवाची संस्था काढली. तिची हकीकत वरवर पाहतां करमणुकीच्या धंद्याची आहे. पण तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न कोणाही श्रम करणाऱ्याच्या ओळखीचा आहे. केलेल्या कामाची मालकी कोणाची?

लूसील १९११ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील जेम्सटाऊन येथें जन्मली. वडील तिच्या बालपणींच वारले. पुढें हॉलिवूडमध्यें येऊनही कित्येक वर्षें तिच्या वांट्याला बहुधा दुय्यम चित्रपट आणि दुय्यम भूमिकाच आल्या. डेसी हा १९१७ सालीं क्यूबांतील सांत्यागो शहरीं जन्मला. त्याचे वडील त्या शहराचे नगराध्यक्ष होते. पण १९३३ च्या क्रांतींत घरदार गेलें, वडील तुरुंगांत पडले आणि कुटुंबाला मायामीला आश्रय घ्यावा लागला. तेथें पक्ष्यांचे पिंजरे साफ करण्यापासून या मुलानें सुरुवात केली आणि ढोलाच्या तालावर नांव मिळविलें. १९४० सालीं आर. के. ओ. या कंपनीच्या एका चित्रपटाच्या निमित्तानें दोघांची भेट झाली आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लग्न झालें. लग्न झालें खरें, पण एकत्र राहणें घडेना. ती हॉलिवूडमध्यें, तर तो आपला वाद्यवृंद घेऊन गांवोगांव.

१९४८ पासून लूसील कोलंबिया नभोवाणीवर 'माय फेव्हरिट हजबंड' या श्रुतिकामालेंत काम करूं लागली. ही माला लोकांना इतकी आवडली कीं, तसाच खेळ दूरचित्रवाणीवर आणावा असें कंपनीनें ठरविलें. लूसीलनें एकच अट घातली : नवऱ्याची भूमिका डेसीलाच मिळाली पाहिजे. संसार टिकविण्याचा तिला हाच मार्ग दिसत होता. कंपनीला मात्र शंका होती. क्यूबन उच्चारांचें इंग्रजी बोलणारा हा मनुष्य अमेरिकन स्त्रीचा नवरा म्हणून लोक पत्करतील काय? तेव्हां नवराबायकोनें १९५० सालीं रंगभूमीवरील एक खेळ बसविला आणि तो घेऊन तीं शहरोशहरीं फिरलीं. प्रेक्षक पोट धरून हंसले. शंकेला याहून चोख उत्तर नव्हतें. डेसिलूचा जन्म त्याच वर्षींचा.

मग दुसरा वाद उपस्थित झाला. त्या काळीं दूरचित्रवाणीचे बहुतेक मोठे खेळ न्यूयॉर्कहून होत असतांनाच प्रक्षेपित केले जात. कारण बहुसंख्य प्रेक्षक पूर्व किनाऱ्याकडे. पश्चिमेकडील लोकांसाठीं पडद्यावर उमटलेल्या चित्राचेंच फिल्मवर पुन्हां चित्रण करून पाठवीत, आणि ती प्रत पुसट, धुरकट येई. खेळाचा पुरस्कर्ता सिगारेटचा कारखानदार होता. पूर्वेकडील गिऱ्हाइकांना धुरकट चित्र दाखविणें त्याला मान्य नव्हतें. जोडप्याला तर कॅलिफोर्निया सोडावयाचा नव्हता. तोडगा एकच उरला : चित्रपटाप्रमाणें उत्तम फिल्मवर चित्रण करावयाचें. पण त्याला खर्च फार. डेसीनें सांगितलें, "आम्ही आठवड्याला १००० डॉलर कमी घेतों, मात्र या फिल्म्स डेसिलूच्या मालकीच्या राहतील." कंपनीनें होकार दिला. एकदां पाहिलेला खेळ पुन्हां कोण पाहणार, असेंच तेव्हां बहुतेकांना वाटत होतें!

लूसीलचा विनोद समोर माणसें असलीं कीं फुले. म्हणून स्टुडिओंतच सुमारें ३०० प्रेक्षकांची सोय केली. चित्रण करण्यासाठीं कार्ल फ्रॉइंड या बुजुर्ग छायाचित्रकाराला बोलाविलें. 'मेट्रोपोलिस' या विख्यात जर्मन चित्रपटाच्या छायाचित्रकारांपैकीं हा एक. एकाच वेळीं तीन कॅमेरे चालवावयाचे, एक लांबून आणि दोन जवळून. मग सर्वांना सारखाच उजेड पुरावा म्हणून त्यानें दिवे वर टांगले आणि कॅमेरे चाकांवर फिरते ठेवले. तीन कॅमेऱ्यांची कल्पना अगदींच नवी नव्हती. परंतु नाटकाची जिवंत रंगत आणि फिल्मचा टिकाऊपणा यांचा मेळ येथें असा बसला कीं पुढें तीच या प्रकारच्या विनोदी मालांची रूढ पद्धति झाली. १५ ऑक्टोबर १९५१ रोजीं पहिला खेळ दाखविला गेला, आणि १९५७ पर्यंत एकूण १८० भाग झाले.

फिल्म हातीं होती म्हणून खेळ पुन्हां दाखवितां येऊं लागले. आणि पाहिलेला खेळ लोक पुन्हांही पाहतात, तितक्याच आनंदानें पाहतात, हें सिद्ध झालें. जी वस्तु कंपनीनें सहज सोडून दिली होती, तीच तिला पुढें सुमारें ५० लाख डॉलर देऊन विकत घ्यावी लागली. १९५७ सालीं डेसिलूनें ६० लाखांहून अधिक किंमत देऊन आर. के. ओ. चे स्टुडिओ घेतले. ज्या कंपनीच्या चित्रपटांत दोघांनीं एके काळीं पगारी नट म्हणून कामें केलीं, तिच्याच स्टुडिओंचीं तीं आतां मालक झालीं! परंतु येथेंच हिशेबाची दुसरी बाजूही दिसते. विकलेल्या त्या फिल्म्स पुढें पिढ्यान् पिढ्या दाखविल्या गेल्या, आणि तें उत्पन्न कंपनीच्या पेटींत पडलें.

आणि संसार? त्यासाठींच तर हा सारा उद्योग मांडला होता. शेकडों माणसांच्या पोटापाण्याचा भार, मद्य, रोजची कुरबूर, यांपुढें तो टिकला नाहीं. मार्च १९६० मध्यें दोघांनीं पडद्यावरील नवराबायको म्हणून शेवटचें चित्रण केलें, आणि दुसऱ्याच दिवशीं लूसीलनें घटस्फोटाचा अर्ज दाखल केला. १९६२ सालीं डेसीचा भाग विकत घेऊन ती एकटी संस्थेची प्रमुख झाली. एवढ्या मोठ्या स्टुडिओचीं सूत्रें एका स्त्रीच्या हातीं असणें ही त्या काळीं अपूर्वच गोष्ट होती. 'स्टार ट्रेक' या मालेच्या खर्चाला सल्लागारांचा विरोध असतां तिनें ती पुढें नेली. ती माला १९६६ मध्यें सुरू झाली. १९६७ सालीं तिनें संस्था सुमारें १ कोटि ७० लाख डॉलरांस विकली, आणि शेजारच्या पॅरामाउंट स्टुडिओंत डेसिलू विलीन झाली.

डेसी १९८६ सालीं वारला, लूसील १९८९ सालीं. कमी पगार पत्करून मालकी राखण्याची त्यांची बुद्धि शहाणपणाची ठरली, यांत संशय नाहीं. पण एकत्र राहतां यावें म्हणून उभारलेल्या घरांत शेवटीं दोघांपैकीं कोणीच राहिलें नाहीं. त्यांचा खरा संसार तेवढा मोडला. फिल्मवरचा मात्र अजून नांदतो आहे.