ठोकळ्याची पाटी

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका कलाप्रदर्शनाला मी लोणार सरोवराचे चित्र पाठवले होते. ते परत आले. सोबत शेरा होता : 'ही विजेची वस्तू आहे, चित्र नव्हे.'

शेरा अगदीच निराधार नव्हता. चित्र सर्किट बोर्डाच्या पाटीवर होते. काचतंतू आणि राळेच्या या पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा असतो. लेझर प्रिंटरवर काढलेले चित्र मी इस्त्रीने त्यावर उतरवले आणि पाटी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवली. शाईखालचे तांबे वाचले, उघडे विरघळले. मागे दुसऱ्या पाटीवर एलईडी बसवले. तांबे अंधार धरते, उघडी पाटी उजळते. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर हाताएवढ्या पाटीत आले. पाण्याला मी गुलाबी प्रकाश दिला, कारण जून २०२० मध्ये ते खरोखरच गुलाबी झाले होते.

रेडिओ दुरुस्त करताकरता मी या विद्येत शिरलो. चित्रकलेचे शिक्षण नाही. त्यामुळे शेरा लागला, आणि मी जुने वाचू लागलो.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा मासिकांतली चित्रे ब्लॉकवरून, म्हणजे धातूच्या ठोकळ्यांवरून छापत. पत्र्यावर प्रकाशसंवेदी लेप द्यायचा, निगेटिव्हमधून प्रकाश दाखवायचा. प्रकाश लागलेला लेप घट्ट होई, उरलेला धुऊन जाई आणि उघडा धातू रसायन खाई. रेषाचित्रांना जस्त आणि नायट्रिक ॲसिड. छायाचित्रांच्या हाफटोन ब्लॉकला बहुधा तांबे आणि फेरिक क्लोराइड. होय, माझ्या बादलीतलेच! दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी लोणावळ्यात याच धंद्यात होते.

आता सर्किट बोर्डाकडे. त्याचा जनक मानला जाणारा पॉल आयस्लर हा व्हिएन्नाचा अभियंता. छपाईच्या तंत्राशी त्याचा तिथेच परिचय झाला होता. १९३६ मध्ये तो लंडनला आला. तारांचे जंजाळ जोडत बसण्याऐवजी त्या छापूनच का काढू नयेत, हा त्याचा प्रश्न. त्याला आधार दिला तो हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या शिळाछापाच्या कंपनीने. विजेच्या कारखान्याने नव्हे. पेटंटचा अर्ज १९४३ चा. 'प्रिंटेड सर्किट' या नावातला 'प्रिंटेड' शब्द आपण रोज उच्चारतो आणि ऐकत नाही.

फरक आहेच. ब्लॉकवर उरलेला धातू शाई धरतो, सर्किटवर वीज वाहून नेतो. माझ्या चित्रात मात्र जे खाल्ले गेले तेच दिसते. आयस्लरला याची गरज नव्हती. छापखान्यातल्या कोरक्याला ते लगेच कळले असते.

एक चूक माझीही. अर्जातल्या 'माध्यम' या रकान्यात मी 'एलईडी सर्किट' लिहिले होते. यंदा तेच चित्र पुन्हा पाठवतो आहे. रकान्यात लिहिले आहे : 'तांब्यावरील रासायनिक कोरीवकाम, मागून प्रकाश.'