सर्पगंधेने दाखवलेली वाट

पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावणे, चालता चालता वळणे, सदऱ्याची गुंडी लावणे. दिवसभरात अशी किती कामे आपण करतो आणि त्यांचा विचारही करत नाही. कंपवाताच्या रुग्णाला मात्र यातले प्रत्येक काम जिकिरीचे होऊन बसते. आपल्या हालचालींतली ही सहजता कोण सांभाळते, हे कळायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. त्या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो. त्याचीच गोष्ट मी आज सांगणार आहे.

१८१७ साली लंडनच्या हॉक्स्टन भागातले डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर एक छोटी पुस्तिका लिहिली. रुग्ण अवघे सहा, त्यांतले काही तर रस्त्यात दिसलेले! पण थरथरणारे हात, पुढे झुकलेले शरीर, नकळत धावू लागणारी पावले यांचे वर्णन इतके नेमके होते, की पुढे आजाराला त्यांचेच नाव मिळाले. आजाराचे मूळ मानेजवळच्या मज्जारज्जूत असावे, असा त्यांचा तर्क होता. खरी जागा त्याहून वर, मेंदूच्या आत खोलवर होती.

मेंदूच्या सुरकुतलेल्या बाह्य थराखाली, दोन्ही बाजूंना, पेशींचे काही पुंजके असतात. त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. स्ट्रायटम, पॅलिडम आणि काळसर रंगाचा सबस्टॅन्शिया नायग्रा हे त्यांतले महत्त्वाचे. स्नायूंना थेट हुकूम देणे हे त्यांचे काम नव्हे. ते आहेत रेल्वेच्या फाटकवाल्यासारखे. पॅलिडम एरवी फाटक बंद ठेवतो. जी हालचाल हवी, तेवढ्यापुरते स्ट्रायटम ते उघडायला लावतो.

१९१९ साली पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफ यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत तो काळा पुंजका झिजलेला असल्याचे दाखवले. पण त्या पेशी एरवी करतात तरी काय, हे कोडे उरलेच.

ते सुटायला मदत झाली आपल्याकडच्या सर्पगंधेची. या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, असे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले गेले. औषध जगभर पोचले, आणि ते घेणारे काही रुग्ण कंपवात झाल्यासारखे ताठू, थरथरू लागले.

१९५७ साली स्वीडनमध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिले. ससे निपचित पडले. मग डोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले! डोपापासून मेंदूत डोपामिन बनते, आणि रेसरपिनने त्याचाच साठा रिता केला होता. लवकरच कळले, की मेंदूतले बहुतेक डोपामिन स्ट्रायटममध्ये असते आणि त्याला ते पुरवतो तो काळा पुंजका. हा पुरवठा आटला की फाटक वेळेवर उघडत नाही. १९६० साली व्हिएन्नात होर्निकिविच आणि एरिंगर यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत हीच तूट मोजून दाखवली. १९६१ साली तिथेच लेव्होडोपाच्या इंजेक्शनाने अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून चालू लागले. मला विशेष वाटते ते हे, की ज्या औषधाने माणसे ताठली, त्यानेच उपायाची वाट दाखवली.

आजही लेव्होडोपा हेच यावरचे प्रमुख औषध आहे. पण ते पेशींची झीज थांबवत नाही, आणि काही वर्षांनी त्याचा असर कमीजास्त होऊ लागतो. म्हणून घरच्यांची समजूत तितकीच मोलाची. आजोबा उंबरठ्याशी थबकले, तर तो आळस नव्हे की हट्टही नव्हे. त्यांना ओढू नका, घाई करू नका. पावलापुढे जमिनीवर खडूने एक आडवी रेघ ओढून पाहा. ती ओलांडण्यासाठी अडलेले पाऊल पुष्कळदा उचलले जाते.